तिसऱ्या अल्बमचे दोष

इचलकरंजीतल्या एका कारखान्याच्या नोटीस बोर्डावर, लाल शाईत : "पट्टी तीनवर लावलेल्या कामगाराने सहा तास घरच्या माणसांना भेटू नये. भेटल्यास होणाऱ्या भांडणास व्यवस्थापन जबाबदार नाही."

*

धोटा गेला, धोटा आला, मधल्या वेळात दिवस झाला,
आई म्हणाली, जेवून जा, मी म्हटलं, ताल आला!

*

वैजयंती परकर. घाऊक व किरकोळ. नाडी मोफत.

*

शंभर मीटरमागे वीस गुणांपर्यंत दोष असतील तर माल फ्रेश. एकवीस ते चाळीस, सेकंड. त्यापुढं चिंधी.

*

समोरचा चेहरा कोणाचा आहे हे माहीत असणं आणि तो ओळखीचा वाटणं, ही डोक्यातली दोन वेगळी कामं आहेत.

*

"अगं, माझा फ्रॉक घालून शाळेत गेलीस तू!"

*

हे सगळे तुकडे २०४७ सालातल्या एकाच दिवसाचे. धोटा मंडळाच्या मतदानाचा दिवस होता तो.

धोटा हा इचलकरंजीचा रॅपर. खरं नाव राजू नेजकर, पण ते आता फक्त त्याच्या आईला आणि रेशनकार्डाला माहीत. धोटा म्हणजे जुन्या मागात आडव्या धाग्याची भरलेली कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. त्या मागांच्या खटखटाटात हा गडी बोलायला शिकला, आणि त्याच तालावर पुढं त्यानं सात अल्बम काढले : ‘खटखट’, ‘तिसरी पाळी’, ‘कांडी’, ‘साठ वॅट’, ‘आडवा-उभा’, ‘पंचगंगा सायलेंट’, आणि गावातला शेवटचा धोट्याचा माग भंगारात गेला त्या वर्षी, ‘बिनधोटा’.

मंडळात माणसं अकरा. वर्षातून एकदा जमायचं आणि सातही अल्बमांना गुण द्यायचे, हा त्यांचा सण. जगातले चाहते चांगल्याला गुण देतात. हे अकरा जण दोषाला देत. मंडळातले बहुतेक कापड तपासणीत उभं आयुष्य काढलेले. त्यांना दुसरं मोजमाप येतच नव्हतं. एक अल्बम म्हणजे शंभर मीटर, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. ताल सांडला, एक गुण. यमक ओढूनताणून आणलं, दोन. श्वास तुटला तर चारपर्यंत. बाहेरचा कोणी कागद बघून म्हणायचा, "अरे वा, ‘तिसरी पाळी’ला सदतीस! फार आवडलेला दिसतोय!" की मंडळ पोट धरून हसायचं.

यंदा मात्र कागदाला वजन आलं होतं. पन्नाशीला माईक खाली ठेवणार, असं धोट्यानं पहिल्याच गाण्यात म्हणून ठेवलेलं. पन्नाशी आली. शेवटचा कार्यक्रम गावातच, मैदानावर, मतदानानंतर आठ दिवसांनी, संध्याकाळी सहा वाजता. एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. कोणता, ते मंडळानं सांगायचं. मतदानाच्या दिवशी पाचच्या आत.

‘आडवा-उभा’ला पाच मतं पडली. ‘कांडी’ला पाच. अकरावं मत शीतल बुगडचं होतं, आणि ते अजून पडायचं होतं.

*

शीतलची अडचण अशी.

‘कांडी’त चौथं गाणं आहे, ‘थांब गं’. त्यात धोटा कमी आणि एक बाईच जास्त गाते. ती बाई वैजयंती. शीतलची वैजू. एका गल्लीतल्या, एका बाकावरच्या, पुढं एकाच गोदामात शेजारशेजारच्या टेबलांवर कापड तपासणाऱ्या. टेबलाखालून ट्यूब लावलेली, वरून कापड सरकतंय, आणि वैजू गातेय, असे दिवस. तिचं गाणं धोट्याच्या कानावर शीतलनंच घातलं होतं.

अल्बम आला २०३१ साली. मंडळ बसलं. शीतलनं कागद भरला आणि वाचून दाखवला : ‘कांडी’, बावीस, सेकंड. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर बाईचा श्वास तुटतो, चार गुण.

"शीतल, मी हाय ती," वैजू म्हणाली होती.

"मी माल बघते. विणणारा बघत नाही."

तपासणीत हे वाक्य रोज म्हटलं जातं आणि त्यावर कोणी रुसत नाही. वैजू रुसली. मंडळ सोडलं, टेबल सोडलं, गाणंही सोडलं. परकर शिवायचा कारखाना काढला. सोळा वर्षं दोघी एकाच गावात एकमेकींना टाळत राहिल्या, आणि इचलकरंजीत कुणाला टाळायचं म्हणजे रोजचा व्यायाम आहे.

आता ‘कांडी’ निवडला गेला तर वैजूला गावं लागणार होतं. धोट्यानं सांगूनच टाकलं होतं, दुसरा आवाज घेणार नाही. वैजूनं निरोप पाठवला होता : "मत पडू दे, मग बघतो." शीतलला डोळे मिटून ‘कांडी’ म्हणता आलं असतं. पण दयेनं दिलेलं मत वैजूला दारातच ओळखू आलं असतं, आणि मग उरलेली वर्षंही गेली असती. तिला खरा आकडा हवा होता. आणि सोळा वर्षांच्या भांडणानं भरलेल्या कानाला खरा आकडा कसा सापडणार?

*

"शीतलताई, एकवर लावा. दोनवर लावा. तीनवर नको," अल्ताफ मुजावर म्हणाला. तपासणी विभागाचा मुख्य आणि मंडळाचा खजिनदार. "माझ्या मेव्हण्यानं तीनवर लावली आणि स्वतःच्या बायकोला चहा घेताना ‘थँक्यू वहिनी’ म्हणाला. अजून माहेरी आहे ती."

पट्टी म्हणजे कपाळावरून कानांवर येणारा, हेअरबँडइतक्या जाडीचा पट्टा. तिच्यामागचं विज्ञान साधं आहे. कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा दिसली की कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी एक बारीकसा भाग ‘हे झालंय’ असा इशारा देतो. त्या इशाऱ्यामुळं आपण घरात दचकत नाही. त्याच इशाऱ्यामुळं तपासनीसाचा डोळा दोन तासांनी आंधळा होतो. समोर जे आहे ते सोडून तो जे अपेक्षित आहे तेच बघतो. पट्टी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी त्या भागावर सोडते आणि इशारा दाबून टाकते. आठवणींना धक्का लागत नाही. आपलं नाव, गाव, पाढे सगळं शाबूत. फक्त काहीच ओळखीचं वाटत नाही. कापडाचा नऊशेवा मीटर पहिल्यासारखा दिसतो.

मुद्दाम ओबडधोबड विणलेल्या कापडाची फॅशन आल्यापासून तपासणीचे कॅमेरे गोंधळले होते. त्यांना सगळंच दोष वाटायचं. म्हणून माणसं परत टेबलावर आली, आणि माणसांसाठी पट्टी आली. कामाला एक नंबर पुरे. तीनवर वीस मिनिटं लावली तर असर सहा तास.

"अल्ताफभाई, तीनच," शीतल म्हणाली. "आणि अठ्ठावन्न गाणी पत्त्यांसारखी पिसून द्या. नाव नको, वर्ष नको. नुसते आकडे. कुठलं गाणं कुठल्या अल्बमचं ते पाकिटात बंद."

"आणि घरी उदयदादांना काय सांगू?"

"मी सांगतो."

शीतलनं नवऱ्याला काही सांगितलं नाही, अर्थात.

*

सकाळी दहाला घरी पट्टी लावली, वीस मिनिटांनी काढली. खोलीतली खुर्ची कोणा दुसऱ्याची वाटली. हातातली पेन्सिल दुसऱ्याची. हात तर फारच दुसऱ्याचा. त्यावर भाजल्याचा डाग होता आणि तो कसा पडला ते तिला नीट आठवत होतं, पण एखाद्या शेजारणीची हकीकत आठवावी तसं.

गाणी सुरू झाली.

१ : ताल दोन ठिकाणी सांडला. दोन गुण.
२ : निर्दोष. कोण आहे हा माणूस?
५ : यमक ओढून आणलंय. दोन.
९ : आई जेवायला बोलवते आणि हा जात नाही. निर्दोष. जेवायला जायला हवं होतं.
१४ : मधे शिंक. शिंक तालात आहे. गुण द्यावा का? नाही.
१७ :

सतरापुढं बराच वेळ काही लिहिलेलं नाही. एक बाई गात होती.

थांब गं थांब, कांडी भरू दे,
बोलायचं राहिलं तेवढं बोलू दे...

शीतलनं गाणं परत लावलं. मग पुन्हा. पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली पडली, ती तशीच पडू दिली. चौथ्यांदा लावल्यावर लाज वाटून तिनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं : दोन मिनिटं अकरा सेकंद, श्वास तुटतो. दोन गुण. मग खाली, जिथं काही लिहायचं नसतं तिथं, लिहिलं : ही कोण आहे? हिची आणखी गाणी आहेत का?

मधे भूक लागली म्हणून ती बाहेर आली. स्वयंपाकघरात एक टक्कल पडलेला, रुंद खांद्यांचा माणूस पाय पसरून लसूण सोलत बसला होता.

शीतल दारात थांबली. घर माझं. लसूण आमचा. दार आतून बंद. "म्हणजे तुम्ही उदय," ती हिशेब पुरा करत म्हणाली.

उदयनं वर बघितलं. "तीनवर लावलीस."

"अहो, तुम्ही दिसायला बरे आहात की."

"बावीस वर्षांत असं कधी बोलली न्हाईस," उदय लाजून लसणाकडे बघत म्हणाला. "रोज लाव ती पट्टी."

"लग्न कसं ठरलं आपलं? म्हणजे माहीताय मला. पण कसं ठरलं?"

"बस. आंबोळी खा. सांगतो सगळं."

त्यानं सगळं सांगितलं, थोडं वाढवून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग परत गाण्यांकडे गेली, पण जाताना दोनदा वळून बघितलं, आणि उदय त्या दिवशी लागेल त्याच्या तिप्पट लसूण सोलून बसला.

*

अडीचला अल्ताफ पाकीट घेऊन आला. दोघांनी गाणी आपापल्या अल्बमात लावली, बेरजा केल्या आणि शीतलचा सोळा वर्षांपूर्वीचा कागद शेजारी ठेवला.

‘खटखट’ : तेव्हा तीस, आज एकतीस. ‘तिसरी पाळी’ : सदतीस, छत्तीस. ‘साठ वॅट’, ‘पंचगंगा सायलेंट’, ‘बिनधोटा’, हे तिन्ही पुढच्या वर्षांच्या कागदांवरचे, तेही एक-दोन गुणांपलीकडे हलले नव्हते. ‘आडवा-उभा’, तोही नंतरचा : आठ होते, नऊ झाले.

‘कांडी’ : बावीस. आज अकरा.

"हे बरोबर निम्मं कसं झालं?" अल्ताफनं विचारलं. "मशीन बिघडलं काय?"

शीतलनं दोन्ही कागद ओळ ओळ ताडून बघितले. दोष तेच. ठिकाणंही तीच. फक्त जिथं आज एक, तिथं तेव्हा दोन. जिथं आज दोन, तिथं तेव्हा चार. एकही ओळ चुकली नव्हती.

तपासणीत नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला एक गोष्ट शिकवतात : ओळखीच्या माणसाचा माल आला तर दुप्पट कडक बघ, नाहीतर हात सैल पडेल. शीतलला ते तिच्या आत्यानं शिकवलं होतं. इतकं पक्कं, की वैजूचा आवाज कानावर पडताच तिच्या हातानं तिला न विचारता सगळं दुप्पट लिहिलं होतं. न्याय करायला गेली आणि पक्षपाताच्या भीतीनंच माप मोडलं. पट्टीनं तिला नवं काहीच ऐकवलं नव्हतं. फक्त ‘हिला मी ओळखते’ एवढं सोळा वर्षांत पहिल्यांदा बाजूला ठेवलं होतं.

"म्हणजे दोन्ही फ्रेश," अल्ताफ म्हणाला. "नऊ आणि अकरा. तरी ‘आडवा-उभा’ दोनानं पुढंच."

"दोन्ही फ्रेश असले की आपण गुण बघतो काय, अल्ताफभाई?"

"न्हाई. मग कापडाला हात लावून बघतो."

"लावला मी," शीतल म्हणाली. "पेन्सिल पडली माझी." ती चपला घालायला लागली.

"ओ ताई! नोटीस वाचली न्हाई का? सहा तास! दीड तास बाकी आहे अजून!"

*

परकरांच्या कारखान्यात बारा शिलाई मशिनं एकदम चालत होती. शीतल आत शिरली, सगळ्या बायकांकडे एकदा बघितलं आणि हात जोडून म्हणाली, "नमस्कार. वैजयंती कोण?"

बारा मशिनं थांबली.

कोपऱ्यातून एक ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई उठली. "सोळा वर्षांनी दारात आलीस आणि विचारतीस, वैजयंती कोण?"

"तुम्ही का? तुमचा आवाज ऐकून आलो. फार सुंदर गाता तुम्ही."

"तुम्ही?" वैजूचा आवाज चढला. "अगं, माझा फ्रॉक घालून शाळेत गेलीस तू! निळा! परत दिला न्हाईस अजून!"

"हो, ते माहीत आहे मला," शीतल नम्रपणे म्हणाली. "त्याबद्दल सॉरी. पण आपली भेट आजच होतेय, असं वाटतंय."

वैजूनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. कपाळावर पट्टीचा लाल वळ होता. गावात आता तो वळ सगळे ओळखत. "तीनवर लावून फिरतीस होय? घरी उदयदादा तरी ओळखू आला का?"

"लसणावरून."

एक मुलगी फिसकन हसली. वैजूही हसणार होती, पण तिनं ते दाताखाली दाबलं. शीतलनं दोन्ही कागद तिच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं, आत्या, दुप्पट, निम्मं, पेन्सिल. वैजूनं चष्मा खाली घेऊन एकेक ओळ वाचली. तीही तपासनीसच होती. समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे परक्या बाईला मी आवडलो," ती शेवटी म्हणाली. "त्यात काय? परकी माणसं मला आधीही चांगलंच म्हणायची. मला तुझा आकडा पाहिजे होता, शीतल. तुझा. ह्या पाहुणीचा घेऊन मी काय करू?"

ह्याचं उत्तर कागदावर नव्हतं.

"किती वाजता उतरतं हे?"

"चार-साडेचार."

"बस तोवर. फुकट बसू नको." वैजूनं परकरांचा गठ्ठा तिच्या पुढ्यात टाकला. "तपास."

शीतल तपासायला लागली. नेफा वाकडा, एक गुण. टीप सुटली, दोन. "हा कोणी शिवला? ह्याला चार." शिवणाऱ्या मुली कुरकुरल्या. वैजू म्हणाली, "बोलू द्या गं तिला. खरं बोलती, तेवढंच येतं तिला."

ओळख एकदम परत येत नाही. आधी वास आला, मशीनच्या तेलाचा आणि वैजूच्या केसांतल्या तेलाचा. मग एक सवय : वैजूनं दोरा दातानं तोडला आणि टोक जिभेवरून ओठांच्या कडेला आणलं. कोण असं करायचं? मग हाताचा कोपरा, बसताना डावा पाय मुडपायची तऱ्हा. मग आवाज. आणि मग एका क्षणी समोरची ठेंगणी बाई कुठं गेली कळलंच नाही, तिथं वैजू बसली होती, जाड झालेली, केस पांढरे झालेली, सोळा वर्षांनी म्हातारी झालेली वैजू.

"वैजे," शीतल म्हणाली. "किती गं जाड झालीस."

"आली!" वैजू ओरडली. "आली बघा परत! आता लाव गाणं."

साडेचार होऊन गेले होते. बारा मशिनं पुन्हा थांबली. फोन टेबलावर उभा केला. ‘थांब गं’ सुरू झालं. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या, एकमेकींकडे नाही. एक मिनिट. दोन. दोन अकरा.

"तुटला," वैजू म्हणाली.

"तुटला," शीतल म्हणाली.

"किती?"

शीतलच्या हाताला चार लिहायचे होते. आत्या कानात ओरडत होती. उलट, आता एक म्हण, शून्य म्हण, मिटव एकदाचं, असंही कोणीतरी म्हणत होतं. तिनं डोळे मिटून तेवढा तुकडा पुन्हा ऐकला, वैजूचा आहे हे पुरतं माहीत असताना.

"दोन," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा कमी न्हाई करणार. श्वास आधी घ्यायला पाहिजे होतास."

वैजू कपाळावर हात मारून हसायला लागली. "दोन! अगं मी स्वतःला तीन धरत होतो गं, सोळा वर्षं!"

मशिनं चालू झाली होती की बायका टाळ्या वाजवत होत्या, हे तेवढ्यात फोन केलेल्या अल्ताफला पलीकडे कळलं नाही. "ताई, पाच वाजत आले! मत काय?"

"कांडी," शीतल ओरडली.

"आणि गाणार कोण, विचार त्याला," वैजू म्हणाली, आणि फोन स्वतःच ओढून घेतला. "अल्ताफ, धोट्याला सांग, तालमीला मी सकाळी येतो. संध्याकाळी माझं परकरांचं पार्सल असतंय."

*

कार्यक्रमाला मैदान भरून गेलं होतं. चौथ्या गाण्याला धोटा बाजूला सरकला आणि वैजू चष्मा कपाळावर चढवून पुढं आली. सोळा वर्षांनी गात होती, पण आधी श्वास घ्यायला विसरली नाही. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर तिचा सूर न तुटता सरळ निघून गेला. आणि मैदानातले हजारो लोक मात्र, गाणं जसं पाठ होतं तसंच म्हणत, तिथं सगळे एकदम तुटले.

वैजू गाता गाता हसली. मग पुढच्या कडव्याला तिनंही मुद्दाम तिथंच श्वास तोडला, आणि मैदानानं डोक्यावरचं आभाळ दणाणून सोडलं. अल्ताफ खजिन्याची पेटी खाली ठेवून नाचला. उदय नाचला, त्याच्या अंगाला लसणाचा वास येत होता. मंडळाचा कागद शीतलच्या हातात होता. तो तिनं गोल गुंडाळून डोक्यावर फिरवायला घेतला, आणि त्यावर त्या संध्याकाळी कोणी काही लिहिलं नाही.

२०३१ साली ‘कांडी’ निघाला त्या पहिल्या आठवड्यात तो एकूण दोनशे तीन वेळा ऐकला गेला. त्यापैकी एकसष्ट वेळा एकट्या शीतल बुगडच्या फोनवर.